जावयाची तापट पेटी

पहिला व्हॉल्व्ह गेला तेव्हा पोपटराव भोईरांनी नशिबाला दोष दिला. दुसरा गेला तेव्हा इंग्रजांच्या लष्कराला दिला. तिसरा ऐन जेवणाच्या वेळी डोळे पांढरे करून फट्कन गेला, तेव्हा मात्र त्यांनी ताटावरून उठून बायकोला दोष दिला, कारण तिने तेवढ्यात आत पाटा जोरात ओढला होता आणि पेटीला हादरा बसला असण्याची दाट शक्यता होती.

"पाटा चुलीपाशी, पेटी पडवीत," सुंदरा आतून म्हणाली. "माझा हादरा एवढ्या लांब जात असता तर तुमाला कवाच लागला असता."

पोपटराव पुन्हा जेवायला बसले. जेवण गेलं नाही. आता पेटीला लागणारे तीन व्हॉल्व्ह तेवढे शिल्लक होते, आणि हे तिन्ही गेले की कर्जत-खालापूरच्या पंचक्रोशीत असला आणखी एकही मिळणार नव्हता.

पेटी म्हणजे विजेच्या गिटारीचा आवाज मोठा करणारं यंत्र. पोपटराव त्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणत. बाकी सगळं भिसेगाव पेटी म्हणे. गिटार त्यांनी आदल्या साली, म्हणजे सत्तेचाळीसमध्ये, सामान आवरून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या शिपायाकडून घेतली होती. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी फिरवत वाजवायची असते. कांडी शिपाई सोबत घेऊन गेल्यामुळे पोपटराव सुंदराचा पितळी बत्ता फिरवत. त्यांना तीन गती येत होत्या, आणि त्यांतली तिसरी दुसरीपेक्षा वेगळी आहे असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

पेटीचं सामान कल्याणच्या लष्करी भंगाराच्या लिलावातून आलं होतं. तिथे माल तोलून विकत होते. पोपटरावांनी सगळ्यांत जड ट्रान्सफॉर्मर उचलला, कारण जड वस्तू चांगली असा हिशेब त्यांना भांड्यांवरून माहीत होता. लिलाववाल्याने वर जीपगाडीच्या छोट्या दिव्यांचं एक खोकं फुकट दिलं. जीप नसताना ते घरी का आणलं, हे सुंदराने पुढे अनेकदा विचारलं. फुकट मिळालं म्हणून, याहून चांगलं उत्तर पोपटरावांना तेव्हा देता आलं नाही.

ही पेटी जोडताना त्यांनी स्क्रू पिळायला घरातलं उलथनं घेतलं, तेव्हा सुंदरा जी भडकली, तशी ती एरवी भडकत नसे. ते उलथनं तिच्या माहेरचं होतं. त्या बाजूला रीत अशी की, वऱ्हाड परत निघायच्या आधी नवऱ्याकडच्यांनी नवरीच्या मांडवातून एखादी बारीकसारीक वस्तू गुपचूप उचलायची. वाटी, पळी, जे हाताला लागेल ते. याला चोरी म्हणत नाहीत, लक्ष्मी नेणं म्हणतात. आणि नवरीकडच्यांनी ते बघायचं नसतं. बघितलं तरी हात धरायचा नसतो. पोपटरावांच्या लग्नात हे उलथनं गेलं. नाव आलं त्यांच्या काकांवर, आणि सासूबाई धोंडूबाईंनी पुढची दहा वर्षं "माझं उलथनं नेलंन रं मेल्यानं" म्हणून काकांना भर पंगतीत ऐकवलं. काका नुसते हसायचे. गेल्या साली वारले, तेही बहुतेक हसतच.

धोंडूबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते आणि त्या गाण्यांवर लग्न एकेक पाऊल पुढे सरकतं. हळद लागते ती तिच्या शब्दावर, नवरीच्या डोक्यावर पदर येतो तोही तिच्या शब्दावर. खालापूरपासून नेरळपर्यंत धोंडूबाईंनी किती संसार गाऊन लावून दिले याची मोजदाद नव्हती. पण गेल्या पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. समोर बसलेल्याला ऐकू जाई, त्याच्या मागच्याला नाही. आणि या वैशाखात त्यांच्या धाकट्या मुलीचं, हिरूचं, लग्न होतं.

नवऱ्याची आई गौराबाई हिने नेरळकडून मोठ्या आदबीने निरोप पाठवला होता, की तुमी तरास घेऊ नका, आमची धवलारीण आमी घेऊन येतो. धोंडूबाईंना हा निरोप मुस्काटीत मारल्यासारखा लागला. त्या दिवसभर जेवल्या नाहीत. "हिरूला मी गाऊन देणार," त्या म्हणाल्या, म्हणजे पुटपुटल्या. "मुकी झाले तरी मीच देणार."

तेव्हा सुंदरा आईला म्हणाली, "ह्यांची पेटी हाय ना. तिच्यातनं मुंगी बोलली तरी खोपोलीभर ऐकू जाईल."

पोपटराव शेजारीच बसले होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा बेत असा होता, की मांडवात आपण गिटार वाजवायची आणि 'थोरला जावई कचेरीत कागद काळे करतो, बाकी काय येतं त्याला' असं म्हणणाऱ्या सासरच्या मंडळींची तोंडं बंद करायची. आता सासूबाईच गाणार म्हटल्यावर गिटारीला जागा राहीना. अखेर तहात ठरलं, की धवले संपल्यावर त्यांनी एक गत वाजवावी. पोपटरावांनी लष्करी टेलिफोनच्या तोंडातून मायक्रोफोन काढला, पेटीला जोडला, आणि त्याच आठवड्यात व्हॉल्व्ह जायला सुरुवात झाली.

कारण त्यांनी शोधून काढलं. त्यासाठी हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर हेडमास्तरांच्या हातापाया पडून आणावा लागला. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात एक बारीक तार असते. ती तापून लाल झाल्याशिवाय व्हॉल्व्ह काम करत नाही. तिला सव्वासहा व्होल्ट हवेत, असं पोपटरावांच्या इंग्रजी मासिकात छापलं होतं. त्यांच्या पेटीत ते पावणेआठ येत होते. त्यामुळे तारा लाल होण्यावर न थांबता पिवळ्या होत, पिवळ्याच्या पांढऱ्या होत, आणि एके दिवशी कायमच्या काळ्या होत.

रोग कळला. पण ही बातमी पडवीत उभं राहून मोठ्याने सांगण्याची चूक पोपटरावांनी केली.

शेजारच्या आनंदीबाई तासाभरात हजर झाल्या. "उष्णता हाय," त्या म्हणाल्या. आनंदीबाईंच्या मते जगातले सगळे विकार उष्णतेचे असत, आणि नेमका हा एक खरोखरच तसा निघाल्यामुळे त्यांना आवरणं कठीण झालं. त्यांनी पेटीवर ओला वाळ्याचा पडदा टाकला. विजेची वस्तू भिजवू नये हे पोपटराव सांगेपर्यंत पडद्याचं एक टोक आत गेलं, आणि पोपटराव ते काढायला गेले तेव्हा त्यांना असा झटका बसला की ते थेट तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. "बघा, बाहेर पडली उष्णता," आनंदीबाई म्हणाल्या. जाताना त्या सब्जाचं पाणी ठेवून गेल्या. ते पेटीला द्यायचं की पोपटरावांना, हे त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी कोंडाजी आला. कोंडाजी तीस वर्षं घाटात इंजिन चालवून घरी बसला होता आणि जगाकडे बॉयलर म्हणूनच बघत होता. त्याने पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फळीवर बोटाने टकटक केलं आणि कान लावला.

"भोक हाय का हिला?"

"कसलं भोक?"

"वाफ सोडायला. पोपट, कोंडून ठेवलंस तर फुटंल रं! मी सांगतो, इथं एक भोक पाड आणि त्याला शिट्टी लाव."

"कोंडाजी, यात वाफ नाही, वीज आहे."

"मग वीज सोड," कोंडाजी म्हणाला. त्याला फरक मान्य नव्हता.

पोपटरावांनी मग शास्त्रीय उपाय केला. मासिकात म्हटलं होतं की वाटेत योग्य ती तार घातली की दाब कमी होतो. त्यांनी विजेच्या जुन्या शेगडीची वेटोळ्यांची तार आणली, ती पडवीच्या भिंतीला खिळे मारून आडवी ताणली आणि वाटेत जोडली. तार रसरशीत लाल झाली आणि मीटरचा काटा पिसाळल्यासारखा नाचायला लागला. काटा स्थिर व्हायची वाट बघताना पोपटरावांना घाम आला, म्हणून त्यांनी कोट काढला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने भिंतीवर ताणलेल्या तारेवर टाकला.

दुसऱ्या दिवशी ते खालापूरच्या महालकरी कचेरीत गेले ते पाठीवर आडवी जळकी रेघ असलेला कोट घालून. दुसरा कोट नव्हता. शिपायाने विचारलं, "रावसाहेब, मागनं कुणी डाग दिला?" पोपटराव दिवसभर भिंतीला पाठ लावून बसले.

अशात पोस्टमास्तरांची नोटीस आली. घरात बोलणारं यंत्र बाळगल्याबद्दल रेडिओचं लायसन काढावं. पोपटराव कर्जतच्या पोस्टात जाऊन भांडले.

"अहो, हा रेडिओ नाही. हा स्वतः बोलत नाही. मी बोलतो, तो मोठ्याने बोलतो."

"म्हणजे बोलतो ना?"

"मी बोलतो!"

"मग तुमचंही लायसन काढावं लागेल," पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले. बराच वाद झाल्यावर त्यांनी एक वाट दाखवली. सदर यंत्र रेडिओ नसल्याचा दाखला महालकरी कचेरीतून आणावा. पोपटरावांनी अर्ज केला. अर्ज फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो वाचला, आणि हाताला लागलेल्या सवयीने 'अर्जात त्रुटी आहे, फेर सादर करावा' असा शेरा मारून परत पाठवला. अर्जदार कोण हे त्यांच्या लक्षात आलं तोवर टपाल गेलं होतं. आपण लोकांना इतकी वर्षं काय करत आलो, याची त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा थोडी लाज वाटली. पुढच्या आठवड्यात 'सदर पेटी ऐकत नाही, फक्त बोलते' असा दाखला मिळाला आणि पोस्टमास्तरांचं समाधान झालं.

पेटीचं मात्र होत नव्हतं. लग्न चार दिवसांवर आलं. पोपटराव पडवीत पेटीसमोर हनुवटीला हात लावून बसले होते. सुंदराने भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं, "हा जडशीळ ठोकळा मुळात कशाचा होता?"

"लष्करी यंत्राचा. त्यात बारा-तेरा व्हॉल्व्ह होते."

"आणि तुमी किती बसवले?"

"तीन."

सुंदरा पीठ मळायची थांबली. "अवं, मग बाराजणांचा सैपाक तिघांच्या पानात वाढताय, आणि त्यांची पोटं का फुटतात म्हणून इचारताय? आणखी पानं मांडा की!"

पोपटराव दयेने हसले. विजेचं शास्त्र आणि पंगत यांत फरक असतो, हे त्यांनी तिला सोप्या भाषेत समजावून सांगितलं. ती आत गेल्यावर ते खाटेखालून जीपच्या दिव्यांचं खोकं ओढून बसले. हे दिवे सहा व्होल्टांचेच होते. एक दिवा जोडला, काटा पावणेआठवरून थोडा खाली आला. दुसरा जोडला, आणखी आला. अशी पानं मांडता मांडता नववा दिवा लागला आणि काटा सव्वासहावर येऊन गपगार बसला. व्हॉल्व्हच्या पोटातल्या तारा शहाण्या मुलांसारख्या लाल राहिल्या.

"सुंदरे," पोपटरावांनी हाक मारली, "मला एक युक्ती सुचली!"

सुंदराने दारातून नऊ दिवे बघितले आणि नवऱ्याकडे बघितलं. "तुमी लई हुशार," ती म्हणाली आणि भाकरी उलथायला आत गेली.

लग्न खोपोलीला होतं. हिरूचा भाऊ बुधाजी तिथल्या वीजघरात कामाला होता, आणि त्याच्या चाळीत वीज असल्यामुळे मांडव चाळीपुढेच घातला होता. पेटी कर्जतहून खोपोलीच्या गाडीत चढवताना पार्सलबाबूने ती काय आहे हे ठरवायला एवढा वेळ लावला की गार्डाने शिट्टी मारली, आणि शेवटी ती 'मृदंग, चौकोनी' म्हणून रवाना झाली.

मांडवात बुधाजीने नऊ दिवे पाहिले. "भावजी, एवढे दिवे पेटीत कोंबून काय फायदा? हिरूच्या पाटाभवती लावू की!" पोपटरावांनी मीटर पुढे ओढला. तारा लांब केल्या तरी काटा हलला नाही, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. नऊ दिवे बांबूंवर तोरणासारखे चढले. गोरज मुहूर्ताला उजेड कलला आणि ते नवरीच्या भोवती असे काही दिसायला लागले, की वऱ्हाडातल्या बायका पुढे सरकल्या.

धोंडूबाई पाटावर बसल्या. नवं लुगडं, कपाळाला आडवं कुंकू. पोपटरावांनी त्यांच्या तोंडापुढे मायक्रोफोन टांगला. गौराबाई समोरच होती, आणि तिच्या शेजारी तिची नेरळची धवलारीण घसा साफ करून तयार होती. धोंडूबाईंनी डोळे मिटले आणि पहिला धवला घेतला.

आवाज तोच होता, चिरका, थकलेला. पण तो पेटीतून निघाला आणि मांडवावरून चाळीवर, चाळीवरून रस्त्यावर गेला. चूल सांभाळणारे लोक पळ्या हातात धरून उभे राहिले. वीजघराच्या फाटकावरचा पहारेकरी टोपी काढून इकडे बघायला लागला. नेरळच्या धवलारणीने घसा साफ करणं थांबवलं. हिरूने पदराआडून आईकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की पोपटरावांना एकदम भरून आलं. आपण जन्मात एक तरी चांगली गोष्ट केली, असं त्यांना वाटलं. आणि नेमकं तेव्हाच त्यांचं लक्ष काट्याकडे गेलं.

काटा साडेसहाकडे सरकला होता.

त्यांनी दिवे बघितले. आठ होते. गौराबाई मघापेक्षा जरा जास्त सरळ बसली होती आणि तिच्या पदराला मघा नव्हती अशी गाठ होती.

तेव्हा पोपटरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लक्ष्मी नेणं! वऱ्हाड लांबचं, मुहूर्त लागला की निघणार, आणि मांडवात वाट्या-पळ्यांपेक्षा किती तरी नामी वस्तू हाताच्या अंतरावर लटकत होती. त्यांच्या देखत नवऱ्याच्या मामाने खांबाला टेकण्याच्या निमित्ताने हात वर केला आणि दुसरा दिवा पागोट्यात गेला. काटा सातकडे निघाला. मग एक मावशी. मग नवऱ्याचा चुलतभाऊ. सव्वासात. व्हॉल्व्ह पिवळे पडले.

"सुंदरे, सांग ना त्यांना!" पोपटराव कुजबुजले.

"याड लागलं का? वऱ्हाड्याचा हात धरायचा मांडवात? आईची मान खाली जाईल."

"आणि आवाज गेला तर?"

सुंदरा पदर तोंडात धरून उभी राहिली. पोपटरावांनी नवरदेवाला वारा घालायचा पंखा हिसकावला आणि गुडघ्यावर बसून पेटीला वारा घालायला लागले. कोटाच्या पाठीवरची जळकी रेघ सगळ्या मांडवाला दिसली. वऱ्हाडात खसखस पिकली. "जावई बघा, पेटीची सेवा करतोय!" पाहुणा म्हणून आलेला कोंडाजी लांबून ओरडला, "पोपट, अजून सांगतो, वाफ सोड!" आनंदीबाई गर्दीतून वाट काढत येत होत्या आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

पाचवा दिवा गेला. व्हॉल्व्ह पांढरे व्हायला लागले. पोपटरावांना हे पांढरं चांगलं माहीत होतं. ते तसेच रांगत सासूबाईंच्या पाटापाशी गेले आणि दोन ओळींच्या मध्ये त्या श्वास घेत असताना मायक्रोफोनवर हात ठेवून म्हणाले, "मामी, दिवे चाललेत. दिवे गेले की आवाज जाणार."

धोंडूबाईंनी डोळे उघडले. बांबू बघितले. विहिणीच्या पदराची गाठ बघितली. नवरीच्या आईला यावर एक शब्द बोलता येत नव्हता. पण त्या पाटावर बसलेली बाई नवरीची आई होती तेवढीच धवलारीण होती, आणि धवलारणीने गाण्यात काय म्हणावं याला आजवर कुणी हद्द घातलेली नव्हती. त्यांनी चाल तीच ठेवली.

"विहीण माजी गं, आली मांडवाच्या दारी,
पदराच्या गाठीला चांदणी, चालली माघारी!"

खोपोलीने ते ऐकलं. गौराबाईचा हात आपसूक पदरावर गेला.

"मामा नवऱ्याचा गं, हाय मोठा मानकरी,
पागोट्यात उजेड त्याच्या, डोस्क्यात अंधार परी!"

मांडव हसून लोळला. रस्त्यावरून कुणीतरी "आणखी होऊ द्या!" म्हणून ओरडलं. मावशीला लुगड्याच्या रंगासकट ओळ मिळाली, चुलतभावाला त्याच्या मिशीसकट, आणि पाचव्याने आपलं नाव यायच्या आधीच दिवा काढून पुढे धरला. गौराबाई मोठ्या मनाची बाई. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती उठली, गाठ सोडली आणि आपल्या हाताने दिवा जागेवर बसवला. "गा गं बाय," ती म्हणाली. "लेक देतेयस, मग दिवा कशाला मागू?" एकामागून एक पाचही परत लागले. काटा उतरत उतरत सव्वासहावर आला. पोपटराव घामाने चिंब झाले होते.

अंतरपाट पडला. धोंडूबाईंनी पाठवणीचा धवला घेतला तेव्हा त्या गात होत्या की रडत होत्या हे कळत नव्हतं, पण प्रत्येक शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. पोपटरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चुलीचा धूर फार होतो, असं त्यांनी दोघा-तिघांना न विचारताच सांगितलं.

गाणं संपलं. पोपटरावांनी खिशातून बत्ता काढला आणि गिटारीच्या गवसणीला हात घातला. धोंडूबाईंनी त्यांच्याकडे मायेने बघितलं.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "पेटी लई तापली असंल. तिला आता आराम द्या."

इतक्या मायेने त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. पोपटरावांनी बत्ता खिशात ठेवला. पेटी बंद करायच्या आधी सहज बघितलं, तर काटा सव्वासहाच्या किंचित पुढे होता. आणि दिवे आठ होते. त्यांनी गौराबाईकडे बघितलं. तिने हसून दोन्ही रिकामे हात दाखवले. वऱ्हाड गेलं.

श्रावणात नागपंचमीला हिरूला माहेरी आणायला पोपटराव नेरळकडे गेले. त्या गावात अजून विजेचा खांबही पोचला नव्हता. पाणी पिता पिता त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली. खंडोबाच्या टाकाशेजारी जीपचा छोटा दिवा उभा होता. त्याच्या काचेला हळद-कुंकू लावलेलं होतं.

"आमी नाय हां नेला," गौराबाई म्हणाली. "नवरीनंच आणलान ओटीतनं. आता ती आमचीच, मग आमीच नेला म्हणा."

पोपटराव कचेरीतला माणूस. त्यांनी मनातल्या मनात नियम तपासला. अंतरपाट पडला तेव्हाच हिरू नवऱ्याकडची झाली होती, आणि काटा हलला तो त्यानंतर. त्रुटी काही नव्हती. हिरू खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

भिसेगावात परतल्यावर पेटी पुन्हा लावली. आठ दिव्यांवर काटा सव्वासहाच्या पुढेच राही. खोक्यात दिवे भरपूर होते. नववा जोडायचा म्हणून पोपटराव एकदा खाली बसले, आणि तसेच उठले. एवढी ऊब चालेल, असं त्यांनी ठरवलं.

ते आत आले तेव्हा सुंदरा भाकरी उलथत होती. पोपटरावांची नजर तिच्या हातातल्या उलथन्यावर गेली.

"सुंदरे, हे उलथनं काकांनी नव्हतं नेलं."

सुंदराचा हात थांबला.

"दहा वर्षं तुझ्या आईने त्यांना बोल लावले. एकदा तरी नाही म्हणायचं होतं त्यांनी."

"त्यांनी बघितलं हुतं मला घेताना," सुंदरा म्हणाली. "कसं म्हणतील?"

तिने भाकरी तव्यावरून काढून त्यांच्या ताटात टाकली आणि उलथनं पदराला पुसून चुलीच्या कडेला ठेवलं.